वर्गणी भरा, खुर्च्या मांडा!

अँटॉप हिल म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे काय येतं? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएस कॉलनी, तिचे ते न संपणारे सेक्टर, वडाळ्याचं आरटीओ, मालाची गोदामं, शेख मिस्रीचा दर्गा. फार तर मोनोरेल. या भागाचा पुस्तकांशी संबंध कुणी जोडत नाही. पण मोनोचा नकाशा एकदा नीट वाचा. अँटॉप हिलनंतरचं पहिलंच स्थानक आचार्य अत्रे नगर. पाचवं आंबेडकर नगर. शेवटचं संत गाडगे महाराज चौक. एक नाटककार-संपादक, एक ग्रंथवेडा विद्वान आणि एक लोकांना शाळेत धाडणारा कीर्तनकार, सगळे एकाच रुळावर! (मोनो चालू असली तर, हे मुंबईकराला सांगायला नको.)

चौथं स्थानक राहिलं ना? ते नायगाव. आणि खरी गंमत तिथेच आहे.

पत्त्यातच पुस्तकं

दादर पूर्वेला, नायगावात एका रस्त्याचं नावच ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्ग’ आहे. मुंबईत पुढाऱ्यांच्या नावाचे रस्ते पैशाला पासरी. वाचनालयाच्या नावाचा रस्ता शोधून दाखवा! संस्था १८९८ सालची. तो प्लेगचा काळ. साथ १८९६ मध्ये मांडवीत सुरू झाली आणि लोक घरदार टाकून गावाकडे पळत होते. अशा वेळी काही मंडळींना वाटलं की मराठी पुस्तकं एका छपराखाली आणली पाहिजेत. याला द्रष्टेपणा म्हणा नाहीतर अस्सल मराठी हट्ट म्हणा. मी हट्टाच्या बाजूने.

संग्रहालयाच्या इमारतीचं नाव शारदा मंगल, आणि शारदा टॉकीजही तिथलंच. म्हणजे एकाच पत्त्यावर वाचायचीही सोय झाली आणि पिक्चरचीही. विद्येच्या देवतेचं नाव दोन्हीकडे चाललं, तिची हरकत आल्याचं ऐकिवात नाही. याच संस्थेने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ काढलं आणि ते अ. का. प्रियोळकरांच्या हाती सोपवलं. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणारा, एकेका शब्दावर अडून बसणारा हा संशोधक. कादंबरी बदलायला येणारे आणि पाठभेद शोधायला येणारे, दोघांची सोय एकाच संस्थेत झाली.

पहिला नंबर कुणाचा?

हा प्रश्न चारचौघांत विचारू नका, भांडणं लागतात. ठाणेकर सांगतील, आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईच्या पाच वर्षं आधीचं. त्यावर नाशिककर हसतील, कारण त्यांचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. मग रत्नागिरीकर घसा साफ करून म्हणतील, आमचं नगर वाचनालय १८२८ चं. एवढ्यात पणजीहून कुणीतरी आठवण करून देईल की पोर्तुगिजांनी तिथे १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. आज त्याला कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातल्या लेखकाचं नाव आहे. पणजीचं सरकारने काढलं, रत्नागिरीचं वयाने मोठं, तेव्हा दोघांनीही पहिला नंबर घ्यायला हरकत नाही.

मुंबईही या शर्यतीत मागे नव्हती. धोबी तलावावर १८४५ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी आली. फोर्टात १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी एक वाचनालय काढलं, तेच पुढे जे. एन. पेटिट. कामगार-कारागिरांच्या संस्थेतून डेव्हिड ससून लायब्ररी उभी राहिली, तिची काळा घोड्याची इमारत १८७० ची. यांतलं एकही सरकारने काढलेलं नाही.

सरकार पाहुणं, घर लोकांचं

अमेरिकेत काउंटी लायब्ररी नावाचा प्रकार असतो. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा कारभाराचा तुकडा. ओहायोतल्या वॅन वर्ट गावचं ब्रमबॅक ग्रंथालय १९०१ मध्ये उघडलं, ते तिथलं पहिलं काउंटी ग्रंथालय मानतात. तिकडची पद्धत अशी की लोक कर भरतात, करातून ग्रंथालय चालतं, पगारी माणसं ते सांभाळतात आणि गावातले हौशी लोक ‘ग्रंथालयाचे मित्र’ म्हणून मंडळ काढून जुन्या पुस्तकांची विक्री लावतात, मुलांना गोष्टी सांगतात. पोलादसम्राट कार्नेगीने जगभर २,५०९ ग्रंथालयांना पैसे दिले, पण अट घातली की इमारत माझी, रोजचा खर्च गावाने करातून करायचा.

आपल्याकडे नेमकं उलटं. इथे ग्रंथालय लोक काढतात, लोक चालवतात, आणि सरकार मागून येऊन अनुदानाचा हात लावतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली राज्यात हजारो ग्रंथालयं अनुदानावर आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी असते, वर्गाप्रमाणे पैसे. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर ठेवला, आपण ठेवला नाही. आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदा कुणाचा, सांगा पाहू? कोल्हापूर संस्थानचा, १९४५ चा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर हेही लक्षात राहू द्या.

याचा अर्थ असा की तुमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष हे सगळे बिनपगारी. दिवसभर बँकेत नाहीतर शाळेत काम करून संध्याकाळी इथे येऊन पुन्हा जमाखर्चाला बसणारी ही जमात. पगार असतो तो आत काम करणाऱ्यांना, आणि तो इतका तुटपुंजा की त्यांनाही अर्धे स्वयंसेवकच म्हणायला हवं. अमेरिकेत स्वयंसेवक ग्रंथालयाला मदत करतात. महाराष्ट्रात स्वयंसेवक हेच ग्रंथालय! माझ्या मते आपल्या वाचनालयांची सगळी मजा आणि सगळी रड, दोन्हीचं मूळ यात आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचण्यापेक्षा मागच्या इतिवृत्तातल्या एका शब्दावरून जास्त वेळ वाद का होतो, याचंही. घर आपलं असल्याशिवाय माणूस इतकं भांडत नाही.

सरकार दर वर्षी अशा मंडळींना ‘ग्रंथमित्र’ पुरस्कार देतं आणि चांगल्या ग्रंथालयांनाही गौरवतं. ग्रंथालयांच्या पुरस्काराला नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, ग्रंथमित्राच्या पुरस्काराला एस. आर. रंगनाथन यांचं. रंगनाथन मद्रासचे, मुळात गणिताचे मास्तर. लंडनमध्ये एका दुकानात मेकॅनो नावाचं जोडाजोडीचं खेळणं बघून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली. अँटॉप हिल-माटुंग्याच्या तमिळ शेजाऱ्यांनी यावर कॉलर ताठ करायला हरकत नाही.

परळची जंत्री

गिरणगावात हे स्वयंसेवेचं काम किती आधी सुरू झालं, ते बघा. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. आज डिलाईल रोडला ज्यांचं नाव आहे, तेच हे जोशी. आयटक ही देशातली पहिली देशव्यापी कामगार संघटना १९२० मध्ये उभी राहिली, त्यातही ते होते. लीगने काय काय केलं याची जंत्री वाचली तर दम लागतो. वाचनालयं, दिवसाच्या शाळा, रात्रीच्या शाळा, सहकारी पतपेढ्या, गरिबांना कायद्याची मदत, चाळीतल्या लोकांच्या सहली, व्यायामशाळा, नाटकं, औषधोपचार, मुलांचे क्लब, स्काउट पथकं. आजचं एखादं परदेशी ग्रंथालय ‘आम्ही नुसती पुस्तकं देत नाही, समाजाचं केंद्र आहोत’ असं मोठ्या कौतुकाने सांगतं ना, परळला ते शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलं.

लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. कोकणातून आलेला गिरणी कामगार रात्रपाळी नसली की इथे नाटक बघायचा, करायचाही. एकाच संस्थेच्या छत्राखाली वर्तमानपत्र, धुळाक्षरं आणि तालीम. पुस्तकाकडे नेणारा रस्ता नाटकावरून जातो हे त्या लोकांना कुणी व्यवस्थापनशास्त्र न शिकवता कळलं होतं.

बागेतला वाचक

आता या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. हिच्यात ग्रंथालयच नाही. एक बाग आहे.

विसाव्या शतकाची सुरुवात. परळला डबक चाळीत एका खोलीत अख्खं कुटुंब राहतंय. चूल तिथेच, सरपण तिथेच, झोपणं तिथेच. अभ्यासाला जागा नाही म्हणून वडिलांनी युक्ती काढलेली. मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी जागायचं, आणि रात्री दोनला त्याला उठवून मग आपण आडवं व्हायचं. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकतो. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसतो. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे एक मास्तर रोज संध्याकाळी येतात. इतर पोरं खेळतात आणि हा एकटा पुस्तकात डोकं घालून बसतो, हे त्यांच्या लक्षात येतं. एक दिवस ते जाऊन विचारपूस करतात.

मास्तरांचं नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर. मुलाचं भीमराव आंबेडकर.

केळुसकर स्वतः लेखक. ते त्याला पुस्तकं देऊ लागले, काय वाचावं ते सांगू लागले. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा चाळीत सत्काराची सभा भरली, अध्यक्ष सी. के. बोले. केळुसकरांनी तिथे आपलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. १९५६ मध्ये नागपुरात भीमरावांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली हे ठाऊक असणाऱ्याला त्या भेटीचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे कॉलेजच्या फीची पंचाईत झाली, तेव्हा हेच मास्तर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ना ओळखपत्र, ना फॉर्म, ना ‘स्वयंसेवक’ असा बिल्ला. नुसती नजर हवी होती, ती होती.

आणि सयाजीराव तरी कोण? १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून अख्ख्या बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणणारा मराठी राजा. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरायच्या, परत यायच्या, दुसऱ्या गावी जायच्या.

बागेतल्या त्या मुलाने पुढे न्यूयॉर्कमध्ये जुन्या बाजारातून पुस्तकं गोळा केली. १९१७ मध्ये सामानाच्या बोटीला पाणतीर लागला आणि तिच्याबरोबर त्यांची पुस्तकंही समुद्रात गेली. म्हणून काय गप्प बसायचं? दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं, तेच पुस्तकांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. तिथला संग्रह पन्नास हजारांच्या घरात होता असं सांगतात. अँटॉप हिलहून बसने काही मिनिटांवर हे घर आहे. आपल्यातले कितीजण आत गेलेत, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दर ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, शिवाजी पार्कवर जे होतं, त्याला मी मुंबईतला सर्वांत मोठा ग्रंथविषयक कार्यक्रम मानतो. पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगा, खेड्यापाड्यातून आलेली माणसं, जेवण वाटणारे, पाणी देणारे, हरवलेल्या पोरांची नावं माइकवरून पुकारणारे शेकडो कार्यकर्ते. परतीच्या गाडीत बसणाऱ्या बाईच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी दोन पुस्तकं असतात. आमंत्रणपत्रिका, उद्घाटन, फीत यांतलं काही नसताना.

दीड दिवसाचं शिक्षण

अण्णाभाऊ साठे शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. वाटेगावहून चालत मुंबईला आले आणि दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची पत्रकं लावून लावून वाचायला शिकले. अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. त्यांचा वावर असायचा माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, म्हणजे अँटॉप हिलपासून फार लांब नाही. दुकानाची पाटी हेच ज्याचं पहिलं वाचनालय, त्याने पस्तीसेक कादंबऱ्या लिहिल्या! पाट्यांवरच्या शुद्धलेखनाकडे जरा अधिक लक्ष द्यायला हवं, कोण वाचत असेल सांगता येत नाही.

राजाचा अभ्यास

लालबागच्या राजाच्या रांगेत बारा तास उभे राहणारे पुष्कळ. पण १९३४ पासूनच्या या मंडळाची पुस्तक पेढी आहे, साने गुरुजींच्या नावाची अभ्यासिका आहे, हे रांगेतल्या कितीजणांना माहीत असतं? गणपती अकरा दिवसांचा, अभ्यासिका बाराही महिन्यांची. (साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली. अत्र्यांनी तिच्यावर सिनेमा काढला आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावलं. मोनोचं पहिलं स्थानक आठवलं ना?)

अभ्यासिका हा खास दाटीच्या शहराचा शोध. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, आजी आजारी, धाकटं रडतंय. अशा घरातल्या मुलाला पुस्तकाआधी हवं असतं टेबल, दिवा आणि शांतता. वरळीला बीडीडी चाळींतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. शेवटी त्या सुदाम काळू अहिरे मार्गालाच ‘अभ्यास गल्ली’ म्हणून सजवलं गेलं. गल्ल्यांना खाऊ गल्ली म्हणणाऱ्या शहरात एक तरी अभ्यास गल्ली निघाली.

पेटी निघाली गावाला

२००९ साली जगाच्या दोन टोकांना दोन माणसांना एकाच सुमाराला एकाच जातीचं वेड लागलं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोल नावाच्या माणसाने आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी छोट्या शाळेच्या आकाराची लाकडी पेटी केली, अंगणात खांबावर बसवली आणि आत पुस्तकं ठेवली. हवं ते न्या, जमलं तर दुसरं ठेवा. त्यातून ‘लिटल फ्री लायब्ररी’ जगभर पसरली.

नाशिकला विनायक रानड्यांनी मित्रांना सांगितलं, वाढदिवसाला खर्च करता ना, त्यातले थोडे पुस्तकांना द्या. जमलेल्या पैशांतून शंभर पुस्तकांची एक पेटी. ती वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी तिथली पेटी दुसरीकडे आणि दुसरीकडची इथे. ना जागेचं भाडं, ना कपाट, ना ग्रंथपाल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखालच्या या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्या तुरुंगांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या आणि विमानात बसून दुबईलाही पोचल्या. आखाती मराठी माणूस गावाहून लोणचं, मेतकूट मागवायचा. आता वपु आणि दळवीही मागवतो.

पेट्या फिरवण्यात धोकेही असतात. अमेरिकेत मेरीलँडच्या वॉशिंग्टन काउंटीत मेरी टिटकॉम या ग्रंथपालबाईंनी १९०५ मध्ये घोडागाडीतून पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. गाडी काळपट, तिचा घाटही तसाच. शेतकऱ्यांना वाटलं मयताची गाडी आली. एक जण तर लांबूनच ओरडला, इथे थांबू नका, आमच्याकडे कुणी गेलेलं नाही! मग बाईंनी चाकं आणि दारं लाल रंगवून घेतली. त्याच गाडीला १९१० मध्ये मालगाडीने उडवलं. पुस्तकवाल्यांनी काय हार मानायची! पुढे मोटार आली.

डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदानाचा सोहळा सुरू केला. आपलं वाचून झालेलं द्या, दुसऱ्याचं घेऊन जा. पाचगणीजवळच्या भिलारात ४ मे २०१७ पासून लोकांच्या घरांतच पुस्तकं आहेत. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य. वेल्सच्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतली, पण तिथे पुस्तकं विकतात, इथे ओटीवर बसून फुकट वाचायची आणि जाताना स्ट्रॉबेरी घ्यायची. पुस्तकांमुळे स्ट्रॉबेरी खपते की स्ट्रॉबेरीमुळे पुस्तकं वाचली जातात, याचा हिशेब भिलारकरांकडे.

वाचकांनीच काढलेली छापील पुस्तकं

‘ग्रंथाली’ ही १९७४ ची वाचक चळवळ. दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशी पत्रकार मंडळी दिवसा वर्तमानपत्रांत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात वाचकांना सभासद करून घेऊन पुस्तकं काढायची. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० चं. बाजाराच्या भरवशावर राहिली असती, तर ही पुस्तकं इतक्या घरांत गेली असती का, शंकाच आहे. पुढे ग्रंथयात्रा निघाल्या. गाडीत पुस्तकं, गाडीबरोबर बिनपगारी माणसं, गावोगाव प्रदर्शन, रात्री गप्पा. तंबूतल्या सिनेमाने करावं ते पुस्तकांनी केलं.

एकट्याने केलेल्या वेडाचाही एक नमुना सांगतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या छापील मराठी पुस्तकांची सूची करायला घेतली. पहिल्याच खंडात १९३७ पर्यंतची पुस्तकं. संगणक नाही, अनुदानाचा भरवसा नाही, सगळं हाताने, आणि जवळपास एकहाती. आज कुठल्याही अभ्यासकाला जुनं मराठी पुस्तक शोधायचं तर ‘दाते सूचीत बघा’ म्हणतात.

देवघेवीच्या टेबलामागे

वाचनालयातली पुस्तकं बदलायची जागा म्हणजे देवघेव विभाग. टेबलापलीकडे उभं राहून जे दिसत नाही, त्यातलं थोडं.

नवं पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो आणि संस्थेचा शिक्का. पहिल्या पानावर तर तो असतोच. पण पुष्कळ ग्रंथालयांत आत एका ठरलेल्या पानावरही गुपचूप एक असतो. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं आणि रद्दीत विकलं, तरी त्या पानावर चोरी उघडी पडते. तो आकडा कुठला हे देवघेवीचा माणूस बायकोलाही सांगत नाही.

वाचनालयाचे खरे शत्रू दोन, वाळवी आणि कसर. त्यांच्यावर उपाय म्हणून डांबरगोळ्या, वेखंड आणि कपाटं वरचेवर उघडणं. मुंबईच्या पावसाळ्यात पुस्तकं फुगतात, पुठ्ठे सुटतात, मग बांधणीला जातात आणि खाकी कापडात परत येतात. बांधणीवाल्याच्या कात्रीत कधी कधी ओळीही जातात, त्यामुळे काही जुन्या कादंबऱ्यांत नायक वाक्याच्या मध्यावरच मरतो.

तिसरा शत्रू दोन पायांचा. हा सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभा असतो आणि सर्वांच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनने सोडवून मोकळा होतो. तेही चुकीचं. याचाच भाऊ रहस्यकथेच्या दुसऱ्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतो. यांच्यावर डांबरगोळ्या चालत नाहीत.

आणि दिवाळी अंक! १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही जत्रा चालू आहे. वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात, शेकडो अंक मागवतात. पहिल्या आठवड्यात गाजलेल्या अंकांसाठी अशी झुंबड उडते की देवघेवीच्या बाईंना पोलीस बंदोबस्त द्यावासा वाटतो. अंकांना कव्हरं घालायला, क्रमांक टाकायला स्वयंसेवकांची खरी गरज नेमकी तेव्हाच असते, आणि तेव्हाच प्रत्येकाच्या घरी फराळाचं चाललेलं असतं.

कार्यक्रमांचं म्हणाल तर वक्ता मिळणं सोपं, श्रोते मिळणंही कठीण नाही. संपल्यावर शंभर खुर्च्या एकावर एक रचायला जे चार हात लागतात, ते दुर्मीळ. दादर सार्वजनिक वाचनालयाच्या धुरू हॉलमध्ये किंवा अमर हिंद मंडळाच्या व्याख्यानमालेला गेलात, तर भाषण संपल्यावर दोन मिनिटं मागे थांबा. खरी कार्यकारिणी तेव्हा दिसते. अध्यक्षांच्या बाह्या वर असतात.

कुत्र्याला गोष्ट, माणसाचं पुस्तक

बाहेरच्या देशांतल्या दोन युक्त्या मात्र उचलण्यासारख्या. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून मुलं शिकवलेल्या कुत्र्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. अडखळणाऱ्या मुलाला कुत्रा हसत नाही, मध्येच उच्चार सुधारत नाही, ‘शेजारचा बंड्या बघ’ असं तर मुळीच म्हणत नाही. सीजीएस कॉलनीच्या आवारातल्या मोत्याला थोडं शिस्तीचं वळण लावलं, तर उमेदवारीला हरकत नसावी.

दुसरी डेन्मार्कची. तिथे २००० साली रोस्किल्डच्या उत्सवात ‘माणसांचं ग्रंथालय’ भरलं. पुस्तकाऐवजी अर्ध्या तासाला एक माणूस घ्यायचा आणि त्याचं आयुष्य ऐकायचं. अँटॉप हिलला यासाठी कुणाला बाहेरून आणायची गरजच नाही. फाळणीत घर सुटून सायन कोळीवाड्याच्या छावणीत आलेल्या पंजाबी कुटुंबांतले आजोबा, देशभर बदल्या भोगून निवृत्त झालेले केंद्र सरकारी बाबू, संप पाहिलेले गिरणी कामगार, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला रांगा लावणारे कार्यकर्ते. सगळी पहिली आवृत्ती, पुनर्मुद्रण नाही.

भिंतीवर लावायच्या तारखा

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडीत पालखी उचलायला माणसं लागतात. २३ एप्रिल, जागतिक ग्रंथ दिन. १२ ऑगस्ट, रंगनाथनांचा जन्मदिवस, म्हणून ग्रंथपाल दिन. त्या दिवशी देवघेवीच्या बाईंना निदान चहा पाजा. १५ ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर, ग्रंथालय सप्ताह. हा बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो, तेव्हा अंकांना कव्हरं घालायला जाणार असाल तर कात्री घरूनच न्या. वाचनालयातली एकुलती एक कात्री कुणीतरी नेलेली असते, आणि तिच्यावर दाखल क्रमांक नसतो.